प्रोजेक्ट कार घेऊन ट्रॅकवर: तिसऱ्या सेशनमध्ये पेडल खाली गेलं

तिसऱ्या सेशनचा चौथा लॅप. सरळ पट्टा संपत आला, ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल रोजच्यापेक्षा बरंच खाली गेलं. वळण कसंबसं निघालं. मग हात दाखवून मागच्यांना वाट दिली आणि हळूहळू पिटमध्ये आलो.

या जुन्या हॅचबॅकवर दीड वर्ष काम चालू आहे. इंजिन खोलून पुन्हा बांधलं, सस्पेन्शनचे बुश बदलले, मागची सीट काढून वजन उतरवलं. आदल्या आठवड्यात नवे पॅड टाकले आणि रिकाम्या रस्त्यावर ते डिस्कवर नीट बसवूनही घेतले. ब्रेक ऑइल मात्र तसंच ठेवलं, कारण पातळी बरोबर दिसत होती. तिथेच चुकलं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ या दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते आणि पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. रोजच्या रस्त्यावर हे सहसा कळत नाही. ताशी १६० वरून ८० वर येताना ब्रेकवर पडणारी उष्णता ८० वरून ४० वर येतानाच्या चौपट असते, आणि ट्रॅकवर ती दर लॅपला पुन्हा पुन्हा पडते.

सुदैवाने डॉट ४ चे सीलबंद डबे बरोबर होते. ब्रेक पूर्ण गार होऊ दिले, मित्र पेडल दाबत राहिला आणि मी एकेका चाकाचं निपल (ब्रेकमधलं ऑइल बाहेर काढायचं छोटं तोंड) उघडून जुनं, काळपट ऑइल काढलं. दुपारच्या सेशनला पेडल पुन्हा कडक लागलं! तुम्ही हे काम घरीच, निघण्याच्या आठवड्यात करा. डॉट ४ च्या जागी डॉट ५.१ चालतं, डॉट ५ नाही. ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. उघडून ठेवलेला जुना डबा वापरू नका.

ब्रेक तापलेले असताना पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडण लावा. शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न लावता, सावकाश काढा.

टायरची हवा सकाळी थंड असताना मोजून लिहून ठेवली होती. पहिल्या सेशनहून येताच मोजली तर पुढच्या दोन्ही चाकांत ५ पीएसआय वाढलेली. तेवढी कमी केल्यावर गाडी वळणात बाहेर सरकायची थांबली. पण घरी निघण्याआधी, टायर गार झाल्यावर, हवा पुन्हा भरायला विसरू नका. चाकांचे नटही पहिल्या सेशननंतर गार होऊ दिले आणि टॉर्क रेंचने तपासले. एक नट थोडा फिरला. म्हणून रेंच डिकीत हवाच.

इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा. लांब वळणात ते एका बाजूला जातं, आणि पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो.

ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीत त्यांनी बॅटरीचा क्लँप हलवून पाहिला, ऑइलची गळती पाहिली, सैल सामान बाहेर काढायला लावलं. टोइंगचा हुक त्याच्या जागी पूर्ण बसतो का, हे आधीच पाहा. माझ्या गाडीत आटे गंजले होते, ते साफ करण्यात सकाळचा अर्धा तास गेला. हेल्मेट घेताना मोटरस्पोर्टचं, आगीची चाचणी असलेलं घ्या. मोटरसायकलच्या हेल्मेटला ती नसते.

पुढच्या वेळेआधी बंपरमधून पुढच्या डिस्कपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्या बसवतोय. इंजिनला सध्या हात लावणार नाही.