गहाळ नसलेली ओळ

व्हिएन्नातील जुन्या क्रीडावृत्तपत्रांची स्कॅन केलेली पाने तपासण्याचे काम मी करते. संगणक मजकूर वाचतो आणि तो जिथे चुकतो तिथे आम्ही दुरुस्ती करतो. फ्राक्टुर या जुन्या जर्मन वळणात ‘के’ आणि ‘टी’ ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की ‘हाकोआ’चे कित्येकदा ‘हाटोआ’ होते. हे नाव मी इतक्या वेळा दुरुस्त केले आहे, की व्हिएन्नातील या ज्यू क्रीडा क्लबशी माझी ओळख त्याच्या खेळाआधी त्याच्या अक्षरांतून झाली.

ज्यू खेळाडूंना अनेक क्लबांची दारे बंद होती, त्या काळात, 1909 साली, हाकोआची स्थापना झाली. या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘बळ’. 1923 साली त्याच्या फुटबॉल संघाने लंडनला जाऊन तिथल्या वेस्ट हॅम या संघाला 5-0 असे हरवले. 1924-25 च्या मोसमात तो ऑस्ट्रियाचा विजेता ठरला, तोही अशा सामन्यात की गोलरक्षक अलेक्झांडर फाबियान याचा हात मोडला, बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणून तो हात झोळीत बांधून पुढच्या फळीत उतरला आणि निर्णायक गोल त्यानेच केला. त्या सामन्याचे वृत्त तपासताना मी एकही ओळ घाईने पुढे सरकवली नाही.

मागच्या महिन्यात 1938 च्या वसंतातील गुणतक्ते हाती आले. एका तक्त्यापाशी संगणकाने ‘ओळ गहाळ’ असा इशारा दिला, कारण आधीच्या तक्त्यातील एक संघ पुढच्यात नव्हता. माझ्या सहकाऱ्याने कागद कापला गेला असावा असे धरून ते पान दोनदा पुन्हा स्कॅन करून घेतले. मेहनती माणूस आहे, पण तक्ता वाचण्याऐवजी त्याने यंत्रावर विश्वास ठेवला. मी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून आकडे जुळवले, तेव्हा उरलेल्या संघांच्या नावावरचे खेळलेले सामनेच आधीपेक्षा कमी भरले. पान फाटले तर ओळ जाते, दुसऱ्यांचे झालेले सामने कमी होत नाहीत. मार्च 1938 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेल्यावर हाकोआवर बंदी आली आणि त्या मोसमातील त्याचे निकाल रद्द झाले, ते माझ्यासमोर वजाबाकीच्या रूपात छापलेले होते.

आमच्या प्रणालीत अशा ठिकाणी दोनच कारणे निवडता येतात : ‘पान अपूर्ण’ आणि ‘संघाची माघार’. पान पूर्ण होते आणि संघाने माघार घेतलेली नव्हती. तिसरे कारण जोडण्याची मी लेखी मागणी केली, तेव्हा तूर्त ‘माघार’ निवडावी असे मला कळवण्यात आले. मी ती निवडलेली नाही. कारणाचा रकाना रिकामा ठेवून शेऱ्यात ‘बंदी, निकाल रद्द’ असे लिहिले आहे. वाचकाने शोध घेतला तर शेऱ्यातील मजकूर सापडत नाही, त्यामुळे दुसरी मागणीही पाठवली आहे आणि ते पान अजून माझ्याच नावावर प्रलंबित आहे.