एक्स आजार गडचिरोलीला कधी पोचेल?

साथीच्या तयारीसाठी घेतलेल्या आमच्या सरावातल्या आजाराला खरं नाव नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये धोकादायक आजारांच्या यादीत ‘डिसीज एक्स’ म्हणून एक जागा ठेवली, अजून कुणालाच माहीत नसलेल्या रोगासाठी. तेच नाव आम्ही उचललं. सगळ्यांना वाटलेल्या कार्डावर माहिती मोजकीच होती. श्वासावाटे पसरतो, एक रुग्ण सरासरी दोघांना लागण देतो, एकाकडून दुसऱ्याकडे जायला साधारण तीन दिवस घेतो. उगम परदेशातल्या एका मोठ्या विमानतळाच्या शहरात.

पुण्यातलं सभागृह होतं. जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुक्यांचे आरोग्य अधिकारी म्हणजे टीएचओ, बंदराचे आणि विमानतळाचे डॉक्टर, रेल्वे रुग्णालयातले दोघं, पशुसंवर्धनच्या एक मॅडम असे सगळे गोल टेबलांभोवती बसले होते. मी संख्याशास्त्राची. साथींची मॉडेलं करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे बोर्डाजवळची खुर्ची माझी.

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त आरोग्य सहसंचालक आले होते. चहा फिरतोय तोवर त्यांनी थेट विचारलं, “मॅडम, मला एकच आकडा द्या. हा आजार जगभर पसरायला किती दिवस?”

एकच आकडा मागितला की आमच्या क्षेत्रातले बरेच जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्याला औषधांचा साठा मागवायचा आहे, खाटा मोकळ्या करायच्या आहेत, त्याला तारीख लागतेच. म्हणून मी खडू घेतला.

सगळ्यात सोपा हिशोब दुपटीचा. आज एक, तीन दिवसांनी दोन, सहा दिवसांनी चार. दहा वेळा दुप्पट झालं की हजाराच्या पुढे, वीस वेळा की दहा लाखांच्या पुढे, तीस वेळा की एकशे सात कोटी. तेहतिसाव्या दुपटीला आकडा होतो ८५८ कोटी ९९ लाख, म्हणजे जगाच्या लोकसंख्येहून जास्त. तेहतीस गुणिले तीन, नव्याण्णव दिवस. पहिल्या टेबलावरच्या तरुण डॉक्टरांनी मोबाइलवर तेवढ्यात ताडून पाहिलं आणि मान हलवली. अध्यक्ष सरांनी वहीत ‘१००’ लिहून त्याभोवती गोल केला.

तो गोल मला पुसायला लावायचा होता. मी म्हटलं, शेवटचे नऊ दिवस बघा. नव्वदाव्या दिवशी एकशे सात कोटी लोक आजारी पडून गेलेत, आणि नव्याण्णवाव्या दिवशी सगळं जग. म्हणजे उरलेल्या सातशे कोटी लोकांना नऊ दिवसांत लागण व्हायला हवी. पण रुग्णाच्या आसपास लागण न झालेला माणूस उरतोच किती? घरातले, चाळीतले, कार्यालयातले बहुतेक आधीच होऊन गेलेले असतात. जसजसे न झालेले कमी, तसतशी साथ मंदावते. एकाकडून दोघांना जाणारा आजार मोकाट सोडला तरी सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊन विझतो, शंभर टक्के कधीच गाठत नाही.

साथ अशी मंदावत जाण्याचं समीकरण मांडलं गेलं १९२७ मध्ये, कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांच्या निबंधात. कर्मॅक तोवर प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गमावून बसलेले. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे माजी संचालक. आणि त्या निबंधात आलेख आहे तो मुंबईचा! डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले प्लेगचे आठवडी मृत्यू. हळू चढत, एप्रिलच्या सुमारास आठवड्याला जवळपास नऊशेवर जाऊन मग उतरत गेलेली रेघ. मी तो आलेख पडद्यावर दाखवला तेव्हा मुंबईहून आलेले बंदराचे डॉक्टर खुर्चीतून पुढे सरकले. प्लेग उंदीर आणि पिसवांमधून पसरतो, त्याला ऋतू लागतात, त्यामुळे माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या आजाराचं समीकरण तिथे तंतोतंत बसत नाही, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलंय. तरी जगभरच्या साथीच्या वर्गांत आजही शिकवली जाणारी ही रेघ मुंबईत मेलेल्या माणसांची आहे, हे आपल्याकडच्या आरोग्य खात्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

“पण हाच प्लेग हाँगकाँगहून मुंबईला यायला दोन वर्षं लागली की,” बंदराचे डॉक्टर म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. हाँगकाँगला १८९४, मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, आणि सिडनी, सॅन फ्रान्सिस्को १९०० मध्ये. आगबोट हाँगकाँगहून मुंबईला काही आठवड्यांत येत होती. म्हणजे वाहनाचा वेग आणि साथीचा वेग या वेगळ्या गोष्टी. वाटेत किती आजारी निघाले, त्यातले किती पोचले, आणि पोचल्यावर साथीनं मूळ धरलं का, यावर सगळं असतं.

अलीकडचे आकडे ठेवले. २००९ चा स्वाइन फ्लू एप्रिलच्या अखेरीस जगाच्या लक्षात आला आणि ११ जूनला महामारी जाहीर झाली तेव्हा ७४ देशांत होता. कोविडची पहिली खबर ३१ डिसेंबर २०१९ ची. ११ मार्च २०२० पर्यंत, म्हणजे ७१ दिवसांत, ११४ देश. आणि प्रशांत महासागरातल्या नौरू या बेटावर पहिला रुग्ण सापडला एप्रिल २०२२ मध्ये. आता यातलं ‘जगभर’ नक्की कोणतं? शिवाय दोन्ही साथी खबर लागण्याआधीच काही आठवडे पसरत होत्या, म्हणजे मोजायला सुरुवात कुठून करायची हाही प्रश्नच.

सरांनी गोलावर काट मारली. “मग काय लिहू?”

मी म्हटलं, कार्डावरचा आजार असेल तर बहुतेक मोठे देश दोन ते तीन महिन्यांत, बहुतेक जग वर्षभरात, आणि शेवटची बेटं आपापलं दार किती घट्ट लावतात त्यावर. १९१८ च्या फ्लूमध्ये अमेरिकन सामोआनं बोटी अडवल्या, तिथे एकही मृत्यू नाही. शेजारच्या पश्चिम सामोआला ‘तालुने’ नावाची बोट लागली आणि तिथली जवळपास एक पंचमांश माणसं गेली.

तेव्हा मागच्या टेबलावरून गडचिरोलीचे एक टीएचओ उठले. वयानं लहान, दिवसभर फारसं बोललेले नव्हते. “मॅडम, जगाचं राहू द्या. माझ्या तालुक्यात कधी येणार ते सांगता येईल का?”

मला खूप बरं वाटलं हा प्रश्न ऐकून, कारण खरं उत्तर इथूनच सुरू होतं. २०१३ मध्ये ब्रॉकमन आणि हेल्बिंग या संशोधकांनी दाखवून दिलं की साथीसाठी अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. एका ठिकाणाहून निघणाऱ्या प्रवाशांपैकी किती वाटा दुसऱ्या ठिकाणी जातो, त्यावरून अंतर काढायचं. तसं मांडलं की नकाशावर वेड्यावाकड्या उड्या मारणारी साथ पाण्यातल्या तरंगासारखी गोल पसरताना दिसते. महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले, दुबईहून परतलेले. गडचिरोलीत एप्रिल संपला तरी एकही नव्हता. साथीच्या दृष्टीनं पुण्याला दुबई जवळ आणि गडचिरोली लांब.

“मग आम्हाला वेळ मिळेल,” ते म्हणाले.

विमानतळाच्या डॉक्टरांनी मध्येच विचारलं, “आणि आम्ही विमानं बंद केली तर?” हा हिशोब मी बोर्डावर सगळ्यांसमोर केला. प्रवासी एक दशांशावर आणले, तर पूर्वीइतकेच आजारी इकडे यायला तिकडे दहापट रुग्ण व्हावे लागतील. दहापट व्हायला तीन दुपटींहून थोडं जास्त लागतं. एक दुप्पट तीन दिवसांची. म्हणजे दहा दिवस.

“नव्वद टक्के विमानं बंद करून दहाच दिवस?” ते उभेच राहिले. नव्याण्णव टक्के केली तर वीस, मी म्हटलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मला स्वतःला हा हिशोब पाठ असला तरी त्याचा धक्का दर वेळी बसतो. इतकं नुकसान सोसून मिळणारे दहा दिवस वापरलेच नाहीत तर ते फुकट गेले.

गडचिरोलीचे डॉक्टर वहीत काहीतरी लिहीत होते. मग म्हणाले, “आमच्याकडे विमान येतच नाही. आमची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, पोराबाळांसकट. उन्हाळ्यात परत येतात. कोण गेलं, कुठे गेलं, कधी परतणार, याची नोंद कुठेच नाही. ते परत आले की आलं.”

माझ्या लॅपटॉपवर जगातल्या विमानतळांमधले मार्ग होते, कोणत्या मार्गावर किती प्रवासी याचे तक्ते होते. मिरचीच्या शेतातून गडचिरोलीला येणारी वाट त्यात नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत त्याच वाटेनं माणसं चालत निघाली होती, ते सगळ्या देशानं पाहिलं. तरी त्या वाटेवर दर वर्षी किती माणसं असतात हे आजही कोणत्या तक्त्यात सापडत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या साथीच्या अंदाजांतलं सगळ्यात मोठं भगदाड हेच आहे. ऊसतोडीचं तेच, वीटभट्ट्यांचं तेच.

दुपारनंतर कार्यक्रमपत्रिका बाजूलाच राहिली. आशांच्या एक गटप्रवर्तक ताई होत्या, त्यांनी दहा दिवसांत काय होऊ शकतं ते भराभर सांगितलं. ऑक्सिजनचे सिलिंडर भरून येतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मास्क आणि पल्स ऑक्सिमीटर पोचतात, गावागावांत परतलेल्या माणसांची यादी होते, शाळा राहण्यासाठी तयार करता येते. कुठल्या कामाला किती दिवस लागतात हे त्यांना तोंडपाठ होतं. मी ते सगळं बोर्डावर, माझ्या समीकरणाशेजारीच लिहून घेतलं.

अहवालात सरांना हवा होता तो जगाचा अंदाज दिला आहे, दोन टोकं धरून. त्याखाली प्रत्येक जिल्ह्याची वेगळी ओळ आहे आणि गडचिरोलीच्या ओळीत प्रवासाचा रकाना रिकामा ठेवलाय, खोटा आकडा भरलेला नाही. पुढच्या सरावाला एसटीचे विभाग नियंत्रक आणि कामगार खात्याचे अधिकारी बोलवावेत असं मी लेखी दिलं आहे. टीएचओंनी तोवर त्यांच्या तालुक्यातून मजूर नेणाऱ्या मुकादमांची गावनिहाय यादी करायला घेतली आहे. पहिली काही पानं परवाच मेलवर आली.