टेक्सासमधील सेंट्रल एसी: विजेच्या बिलात न दिसणारा अर्धा खर्च

डलासच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला उन्हाळ्यात घरून आलेल्या प्रत्येक फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो: चोवीस तास एसी चालतो म्हणता, मग बिल किती येते? या प्रश्नाला विजेच्या बिलावरचा आकडा हे उत्तर पुरे पडत नाही. सेंट्रल एसीच्या, म्हणजे एकाच यंत्राने सगळे घर थंड करणाऱ्या व्यवस्थेच्या, खर्चापैकी जेमतेम निम्मा भाग त्या बिलात दिसतो आणि उरलेला निम्मा बारा-चौदा वर्षे गुपचूप साठत राहून एखाद्या जुलै महिन्यात एकदम वसूल होतो.

आधी दिसणाऱ्या निम्म्याचा हिशोब मांडतो. आमचे घर एकमजली आणि २,४०० चौरस फुटांचे आहे. इकडे पाच-सहाशे चौरस फुटांना एक टन असा ढोबळ आडाखा धरतात, त्यानुसार आमचे यंत्र चार टनांचे आहे. एका टनाला ताशी १२,००० बीटीयू (उष्णतेचे एकक) इतकी उष्णता बाहेर काढावी लागते, म्हणजे चार टनांना ४८,०००. यंत्राची हंगामी कार्यक्षमता, म्हणजे एका वॅट-तासामागे बाहेर काढलेले बीटीयू, जिला इथे सगळे ‘सीअर’ म्हणतात, ती १५ असेल, तर भागाकार ३,२०० वॅट येतो. थोडक्यात, कॉम्प्रेसर तासभर चालला की सव्वातीन युनिटांच्या आसपास वीज जाते. एसी ‘चालू असतो’ याचा अर्थ कॉम्प्रेसर अखंड चालतो असा नाही. थर्मोस्टॅटवर लावलेले तापमान गाठले की तो थांबतो. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये तो दिवसाचे बारा-तेरा तास सहज चालतो, कारण पारा १०० फॅरनहाइटवर, म्हणजे ३८ अंशांवर गेला की सूर्य मावळल्यावरही घराच्या विटा तापलेल्याच राहतात. २०११ च्या उन्हाळ्यात डलास-फोर्ट वर्थमध्ये असे ७१ दिवस नोंदले गेले होते. या दोन महिन्यांत केवळ एसीपोटी महिन्याला १,२०० च्या वर युनिटे लागतात आणि १५ सेंट दराने ती १८५ डॉलरच्या घरात जातात. एप्रिल ते ऑक्टोबर असा सगळा हंगाम मिळून सुमारे २,००० तास धरले, तर वर्षाची वीज ६,४०० युनिटे आणि खर्च ९६० डॉलर होतो.

१५ सेंट हा दर मात्र गृहीत धरलेला आहे, आणि टेक्सासमध्ये दर ही प्रत्येकाने स्वतः शोधायची गोष्ट आहे. २००२ पासून राज्याच्या बहुतेक भागांत वीज विकणारी कंपनी ग्राहकाने निवडायची असते. ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओ ही नगरपालिकेची वीज वापरणारी शहरे त्याला अपवाद आहेत. तारा आणि खांब आमच्या भागात ऑनकॉर या कंपनीचे आहेत आणि तिचे शुल्क कोणत्याही विक्रेत्याकडे गेले तरी तेवढेच पडते. विक्रेत्यांच्या योजनांची तुलना करण्यासाठी राज्याच्या नियामक आयोगाचे ‘पॉवर टू चूझ’ हे संकेतस्थळ आहे, आणि तिथे सर्वांत वर दिसणारी स्वस्त योजना ही बहुधा सर्वांत कावेबाज असते. उदाहरणार्थ, दर १६ सेंट आणि महिन्याला १,००० युनिटे ओलांडली की १०० डॉलरची सूट, अशी योजना घेऊ. ९९९ युनिटांचे बिल १६० डॉलर आणि १,००१ युनिटांचे ६०! महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे ओलांडताना दर वाढत जातो, त्या वातावरणात वाढलेल्या माणसाला हे उफराटे गणित पचायला वेळ लागतो. एसी बंद असलेल्या मार्चमध्ये वापर ६०० युनिटांवर येतो आणि सूट न मिळता पुरते ९६ डॉलर द्यावे लागतात, म्हणजे ऑगस्टात वाचलेले पैसे हिवाळ्यात आणि वसंतात परत जातात. ‘रात्रीची वीज मोफत’ या योजनांचेही तसेच आहे, कारण एसी सर्वाधिक वीज खातो ती दुपारी तीन ते संध्याकाळी आठ या वेळेत, आणि नेमक्या त्याच वेळेचा दर चढा ठेवलेला असतो. माझ्या मते सूट वगैरे काही नसलेला, एक किंवा दोन वर्षांसाठी बांधलेला साधा दर घ्यावा आणि करार संपण्याची तारीख कॅलेंडरात लिहून ठेवावी. ती उलटून गेली की ग्राहक आपोआप महिन्यागणिक बदलणाऱ्या आणि सहसा महागड्या दरावर जाऊन पडतो. घाऊक बाजाराशी जोडलेल्या दराचा मोह तर आता कायद्यानेच मोडून काढला आहे. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात घाऊक दर युनिटला ९ डॉलरवर गेला आणि काही कुटुंबांना हजारो डॉलरची बिले आली, त्यानंतर विधिमंडळाने घरगुती ग्राहकांसाठी अशा योजना बंद केल्या.

दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो थंड हवा जाते कुठे हा. टेक्सासमधल्या घरांना सहसा तळघर नसते, त्यामुळे हवा फेकणारे यंत्र आणि खोल्याखोल्यांना हवा पोचवणाऱ्या नळ्या, म्हणजे डक्ट, छपराखालच्या अ‍ॅटिकमध्ये टाकलेल्या असतात. उन्हाळी दुपारी तिथे ५५ अंशांहून अधिक तापमान असते. घरात १३ अंशांची हवा पोचवणारी नळी घरातल्या सर्वांत तापलेल्या जागेतून न्यायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याने वीजबिल भरले नसावे! अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमानुसार सामान्य घरातल्या डक्टमधून २० ते ३० टक्के हवा सांधे आणि भोकांतून वाया जाते. त्यामुळे यंत्र बदलण्याआधी डक्टचे सांधे मॅस्टिक या चिकट लेपाने लिंपून घेणे आणि अ‍ॅटिकच्या जमिनीवर उष्णतारोधक तंतूंचा जाड थर फवारून घेणे ही कामे करावीत. त्यांचा खर्च नव्या यंत्राच्या एका हिश्श्याइतका असतो आणि परिणाम त्याच उन्हाळ्यात जाणवतो.

नागपूरहून आई-बाबा येतात तेव्हा आईचा जीव वेगळ्याच कारणाने कासावीस होतो. ज्या खोलीत माणूस नाही तिथला पंखासुद्धा चालू ठेवायचा नाही, या शिस्तीत तिचे आयुष्य गेले आहे, आणि इथे पाहुण्यांची रिकामी खोलीसुद्धा दिवसभर थंड असते. ‘त्या खोलीची हवेची जाळी तरी बंद कर,’ असे ती सुचवते. सूचना तर्काला धरून आहे, पण सेंट्रल एसीला ती लागू पडत नाही. ब्लोअर तेवढीच हवा ढकलत राहतो, जाळ्या बंद केल्या की नळ्यांमधला दाब वाढतो, अ‍ॅटिकमधल्या फटींतून गळती वाढते आणि फारच जाळ्या बंद केल्या तर आतल्या कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, बर्फ धरतो. दार लावून एका खोलीपुरता गारवा विकत घेण्याची सोय या व्यवस्थेत मुळातच नाही. थर्मोस्टॅट ७८ फॅरनहाइटवर, म्हणजे साडेपंचवीस अंशांवर ठेवून वर छताचा पंखा लावणे एवढेच आपल्या हातात राहते, आणि बाबांना तेही फार थंड वाटते.

आता न दिसणारा निम्मा. चार टनांची जोडणी, म्हणजे बाहेरचे यंत्र, आतली कॉइल आणि बसवणावळ, आज १२,००० डॉलरच्या आसपास जाते. अनेकांना त्याहून जास्त मोजावे लागतात. टेक्सासच्या उन्हात ती चौदा वर्षे टिकली असे धरले, तर झीज वर्षाला ८५७ डॉलर होते. वसंतातली तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती यांचे दीडशे डॉलर मिळवले की बेरीज १,००७, म्हणजे विजेच्या ९६० डॉलरपेक्षा जास्त. हे दीडशेही भाग्यवान वर्षाचे आहेत. कपॅसिटर हा वीस-पंचवीस डॉलरचा सुटा भाग उन्हाळ्यातच जातो, आणि त्याच्या बदलीचे बिल दोनशेच्या पुढे असते, कारण पैसे भागाचे नसून त्या दिवशी येणाऱ्या मेकॅनिकचे असतात. कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांमध्ये लाल मुंग्या शिरून यंत्र बंद पडणे हा टेक्सासचा खास प्रकार आहे. निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबू नये म्हणून तिच्यात अधूनमधून व्हिनेगर ओतणे आणि फिल्टर वेळेवर बदलणे ही कामे मात्र घरच्या घरी, जवळपास फुकटात होतात.

यंत्राची किंमत वाढण्यामागे नियमांचाही हात आहे. २०२३ पासून दक्षिणेकडील राज्यांत बसवल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी किमान कार्यक्षमता वाढवण्यात आली आणि १ जानेवारी २०२५ पासून आर-४१०ए हा हवा थंड करण्यासाठी यंत्रात फिरणारा वायू वापरणारी नवी घरगुती यंत्रे बनवणे थांबले. आता आर-४५४बी आणि भारतातल्या स्प्लिट एसींमुळे परिचित असलेला आर-३२ हे वायू आले आहेत. कार्यक्षम यंत्रावर मिळणारी केंद्रीय करसवलतही २०२५ अखेर संपली. म्हणून दहा वर्षांपुढच्या यंत्राचा कॉम्प्रेसर गेला, तर तो बदलण्यापेक्षा सगळी जोडणीच बदलावी, आणि त्यासाठी दरमहा सत्तर-ऐंशी डॉलर बाजूला टाकत राहावे, असे मी नव्याने घर घेणाऱ्यांना सांगतो.

पुण्या-नाशिकला बंगला बांधणारे काही मित्र डक्टवाला एसी करावा का असे विचारतात. चार माणसांच्या घरात रात्री दोन खोल्या वापरात असतील, तर प्रत्येक खोलीला वेगळा स्प्लिट हाच किफायतशीर मार्ग आहे. गंमत म्हणजे अमेरिकेतही आता तोच ‘मिनी-स्प्लिट’ या नावाने लोकप्रिय होत आहे. आमच्या पश्चिमेकडच्या तापणाऱ्या खोलीसाठी मी चौकशी केली, तेव्हा नागपुरात चाळीस-पन्नास हजार रुपयांत बसून जाणाऱ्या तेवढ्याच क्षमतेच्या एसीसाठी मला चार हजार डॉलर सांगण्यात आले. आईच्या पद्धतीने राहायचे तर इथे आधी एवढे मोजावे लागतात.