जूनच्या सुरुवातीला स्पिती: हवा कशी होती, आणि जाणाऱ्यांनी काय बघून निघावं

हिमाचलातल्या स्पितीबद्दल सोसायटीत आणि ऑफिसात सगळे तेच तेच विचारतायत म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. आम्ही दोन फॅमिली, ठाण्यातून पहाटे एअरपोर्ट, फ्लाइटने चंदीगड, तिथून ड्रायव्हरसकट गाडी, आणि मग शिमला, किन्नौर, स्पितीचं मुख्य गाव काझा करत कुंझुम पास म्हणजे खिंडीवरून मनालीला उतरलो.

आपल्याला जून म्हटलं की एकच चिंता, पाऊस लागेल का. निघताना घोडबंदर रोडवर अंगाला शर्ट चिकटत होता आणि बॅगेत चार छत्र्या होत्या. स्पितीत त्या एकदाही उघडल्या नाहीत, कारण मान्सूनचे ढग अलीकडच्या रांगांवरच अडतात आणि पलीकडे नुसते कोरडे, भुरभुरीत मातीचे डोंगर. तिकडे या दिवसात वाट अडवतं ते ऊन! कडक ऊन पडलं की वरचा बर्फ वितळतो, ते पाणी दुपारपर्यंत नाल्यात येतं, आणि सकाळी जिथे घोट्याइतकं पाणी असतं तिथे दुपारी गाडी घालायची हिंमत होत नाही. आमचा ड्रायव्हर आकाश निळंशार बघून खूश व्हायच्या ऐवजी तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, कल पाँच बजे निकलेंगे. पोरं कुरकुरली, पण निघालो.

हे सगळ्यात जास्त लागू होतं ते कुंझुम उतरल्यावर बातल ते ग्रामफू या पट्ट्याला. रस्ता म्हणजे दगडगोटे, मधे मधे नाले. आम्ही काझा अंधारातच सोडलं म्हणून तिथले नाले उन्हं तापायच्या आत पार झाले, आणि समोरून मनालीकडून उशिरा निघालेल्या गाड्या येत होत्या त्यांचं पुढे काय झालं असेल देव जाणे. ग्रामफूच्या पुढे कोकसरकडे वळलं की अटल टनेल, 9 किमीचा, 2020 मध्ये सुरू झालाय, त्यामुळे आता रोहतांग चढायची गरज नाही. एकदा टनेलमधून पलीकडे गेलं की हवा एकदम बदलते, हिरवंगार आणि दमट.

आता अॅपबद्दल. मोबाइलवर काझाचं तापमान बघून पॅकिंग करू नका. काझात दिवसा 15-20 डिग्री दाखवतं आणि उन्हात टीशर्ट पुरतो हे खरंच आहे, पण काझा साडेतीन हजार मीटरच्या थोडं वर, कुंझुम 4500 च्या वर, आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री कमी होतात हा हिशोब धरा. त्यात वारा. दुपारनंतर दरीतून जो वारा सुटतो तो सावलीत उभं राहू देत नाही, आणि सुट्या दगडांच्या उतारावरून याच वाऱ्याने बारीक दगड घरंगळतात, तेव्हा तिथे फोटोला थांबू नका. कुंझुमजवळच्या चंद्रताल तलावापाशी तंबूत राहणार असाल तर रात्री शून्याखाली जाईल असंच धरून चला, थर्मल, कानटोपी, हातमोजे सगळं. आम्ही लहान पोरांमुळे तिथे मुक्काम टाळला आणि मला तरी त्याचं वाईट वाटत नाही.

जूनमध्येही बर्फ पडू शकतो हे लक्षात असू द्या. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारे ढगाळ हवेचे पट्टे, जूनपर्यंत अधूनमधून येत असतात, एखादा जोरात आला की खाली पाऊस आणि कुंझुमवर बर्फ. 2023 मध्ये तर जुलैत चंद्रतालला शेकडो टुरिस्ट अडकले होते. म्हणून काझाचा अंदाज बघण्यापेक्षा हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा इशारा बघा, त्यात लाहौल-स्पितीला येलो किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर त्या दिवशी कुंझुम चढायचा नाही म्हणजे नाही. रस्ता उघडा आहे का ते लाहौल-स्पिती पोलीस सोशल मीडियावर टाकतात. कुंझुम कधी मे मध्येच उघडतो, कधी जून उजाडतो, त्यामुळे एक दिवस हातात जादा ठेवूनच रिटर्न तिकीट काढा. नसेल उघडला तर आल्या वाटेने किन्नौरमधून परत, त्याला दोन दिवस लागतात.

जाताना शिमल्याकडूनच जा असं माझं ठाम मत आहे. कल्पा, नाको, ताबो असं हळूहळू चढत गेलं की अंगाला सवय होते, मनालीकडून गेलात तर एका दिवसात 4500 पार करून काझा, आणि मग डोकं धरून बसायचं. ताबोला थांबाच, मठ 996 सालचा आहे, मातीच्या भिंती आणि आत अंधारात चित्रं, आणि गाव शांत. पाणी भरपूर प्या. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी घ्यायची का ते ठाण्यातच आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. सनस्क्रीन आणि लिप बाम प्रत्येकाला वेगळा, थंडी वाजत असतानाही चेहरा भाजून निघतो.

मान्सून मुंबईत साधारण 11 जूनला येतो, हिमाचलात महिन्याच्या शेवटाकडे, आणि एकदा आला की किन्नौरच्या रस्त्यावर दरडी सुरू. म्हणजे कुंझुम उघडल्यापासून 20 जूनच्या आसपासपर्यंतच काय ती फट मिळते.

बाकी किरकोळ: काझाच्या पंपावर टाकी फुल करा, कॅश जवळ ठेवा, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय पण गेलं. आणि आईबाबांना घेऊन जाऊ का असं ज्यांनी विचारलंय त्यांना, बीपी किंवा दम्याचा त्रास असेल तर सांगला, कल्पा, फार तर छितकुल करून परत फिरा, काझाचा हट्ट नको.