मूकपटांची चाल

मूकपट म्हटला की माणसं तुरुतुरु धावणार, हात झटके देत हलणार, असंच बहुतेकांच्या डोक्यात बसलंय. बिचाऱ्या नटांचा त्यात काडीचाही दोष नाही. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी (फ्रेम), पुढे पुढे जास्तही. बोलपट आला, वेग २४ ला पक्का झाला आणि जुन्या फिल्मही त्याच वेगानं पळायला लागल्या. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) ३७०० फुटांचा. १६ च्या वेगानं तासाभराचा, २४ नं ४१ मिनिटांत खलास. राज्य सोडायची इतकी घाई त्या हरिश्चंद्रालाही नसेल.

म्हणून मूकपट लावला की आधी ओतलं जाणारं पाणी, खाली पडणारं कापड बघावं. नट नाटकी असेल, पाणी नाटक करत नाही. ते घाईत वाटलं तर यूट्यूबवर वेग ०.७५ करावा, २४ चे १८ होतात. संगीत मात्र रडायला लागतं. ते सरळ बंद करावं. विनोदी पटांना हा उपाय नको. तिथे दांडा बऱ्याचदा मुद्दामच हळू फिरवलेला असतो, पडद्यावर धांदल वाढावी म्हणून.

सुरुवात विनोदी नट बस्टर कीटनच्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'नं (१९२८) करावी. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून उतरते. भिंत खरी, खिडकीच्या चौकटीत मोकळी जागा काही इंचांची. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही!

मग जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा 'द लास्ट लाफ' (१९२४). हॉटेलच्या म्हाताऱ्या दरवानाचा रुबाबदार कोट जातो आणि तो स्वच्छतागृहात कामाला लागतो. मजकुराच्या पाट्या जवळजवळ नाहीतच, तरी काही अडत नाही. डॅनिश दिग्दर्शक ड्रायरचा 'जोन ऑफ आर्क' (१९२८) थोर खरा, पण पहिल्याच बैठकीला नको. सतत जवळून दिसणारे चेहरे नवख्याला दमवतात.

आपल्याकडचा बघायचा तर 'कालिया मर्दन' (१९१९). आरंभी फाळक्यांची लेक मंदाकिनी साध्या वेशात चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, नंतर तीच कृष्ण. पुढे पाण्यातली झुंज आणि काठावरचा आकांत आलटूनपालटून येतात. कथा घरोघरी ठाऊक, त्यामुळे पाट्या निसटल्या तरी बिघडत नाही.