मुठीतली वाळू

कोचिंग म्हटले की कोल्हापुरात समोरच्याला दहावी-बारावीचे क्लास आठवतात, त्यामुळे स्वतःचा व्यवसाय सांगताना मला दर वेळी थोडे अडखळायला होते. कारखान्यातील सुपरवायझर आणि अधिकारी यांच्याशी एकेकट्याने बसायचे आणि त्यांच्या कामातील अडचणींवर त्यांनाच विचार करायला लावायचे, एवढेच खरे तर माझे काम आहे. मेंदूविज्ञानाचे वाचन मी त्यासाठीच करतो. पण त्या वाचनाचा उपयोग नेमका कोठे करायचा, हे मला शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, बऱ्यापैकी फजिती झाल्यावरच कळले.

वाळूचे साचे बनवणाऱ्या मोल्डिंग विभागाच्या सुपरवायझरना सगळे अण्णा म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, तिशीहून अधिक वर्षे वाळूत काढलेले गृहस्थ. सहा महिन्यांत आयटीआय झालेली तीन मुले त्यांच्या हाताखालून काम सोडून गेली होती आणि चौथा जाण्याच्या बेतात होता. ‘अण्णांचा आवाज तेवढा कमी करा’ एवढ्या एका वाक्यावर व्यवस्थापकांनी मला बोलावले होते.

मी केबिनमध्ये लॅपटॉप उघडला आणि मेंदूचे रंगीत चित्र दाखवून सुरुवात केली. येल विद्यापीठातील एमी आर्नस्टन यांच्या संशोधनानुसार, तीव्र ताणात नॉरअॅड्रिनलिन आणि डोपामिन या मेंदूतील रसायनांचा मारा वाढतो आणि कपाळामागचा जो भाग चार गोष्टी एकाच वेळी मनात धरून निर्णय घ्यायला मदत करतो, त्याची पकड सैल होते. म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाला येत असलेली गोष्टही त्या क्षणी सुचत नाही, असे मी सविस्तर समजावले. यातील काहीही चुकीचे नव्हते. अण्णांनी चित्र नीट न्याहाळले आणि शांतपणे विचारले, “सर, म्हंजे माझ्या डोस्क्यात बिघाड हाय, असं म्हणायचंय का तुमाला?”

मी घाईघाईने मुलांच्या मेंदूबद्दल बोलतो आहे असे सांगितले, पण तोवर त्यांच्या हातांची घडी झाली होती. पुढच्या वीस मिनिटांत मी काहीही म्हटले तरी “होय, बरोबर हाय” एवढेच उत्तर येत राहिले. व्यवस्थापकांना मात्र ती चित्रे फार आवडली होती. 2008 साली येलमध्येच झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की, एखाद्या कच्च्या स्पष्टीकरणात मेंदूविषयीची असंबद्ध माहिती घुसवली तरी सामान्य वाचकांना ते अधिक पटते. हा अभ्यास मी पूर्वीच वाचलेला होता आणि तरीही चित्रे घेऊन गेलो होतो.

चहानंतर मी लॅपटॉप गाडीत ठेवला आणि अण्णांच्या मागोमाग शॉपमध्ये गेलो.

मिक्सरमधून नुकतीच वाळू उतरली होती. अण्णांनी चालता चालता मूठभर वाळू उचलली, दाबली आणि मूठ उघडली. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तळहातावर होता. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्यांनी तो मोडला, मोडलेली कड क्षणभर पाहिली आणि म्हणाले, “पाणी जास्त झालंय.” वाळूत पाणी जास्त झाले की वितळलेले लोखंड ओतताना वाफ अडकून कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल (पोकळ्या) पडतात आणि कमी झाले की साच्याच्या कडा झडतात. शेजारी उभ्या असलेल्या त्या चौथ्या मुलानेही मूठ दाबली. “काय वाटतंय?” अण्णांनी विचारले. मुलगा गप्प. “आरं बोल की! तीन महिनं झालं, हाताला कळंना व्हय तुझ्या?” आवाज चढला तसा मुलगा म्हणाला, “होय अण्णा, बरोबर हाय.” वीस मिनिटांपूर्वी केबिनमध्ये मी मिळवलेले उत्तर अक्षरशः हेच होते.

मुलगा गेल्यावर मी अण्णांना विचारले, पाणी जास्त आहे हे तुम्हाला कशावरून कळले? ते म्हणाले, “कळतंय की.” मी पुन्हा विचारले, हाताला नेमके काय लागले? त्यांनी परत मूठ दाबली, मोडली, पुन्हा दाबली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. अशी शांतता पसरली की तोंड उघडायचा मोह मला नेहमी होतो; त्या दिवशी मी तो आवरला. शेवटी ते म्हणाले, “सांगता येत न्हाई ओ. म्हणून तर डोकं फिरतंय.”

मला एकदम हेन्री मोलेसन हा मेंदूविज्ञानातील प्रसिद्ध रुग्ण आठवला. 1953 साली अपस्माराच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित अवयवाचा मोठा भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला आणि नवे काही लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण हे काम आपण पूर्वी केले आहे हे त्याला आठवत नसे. हाताचे शिकणे आणि सांगता येणारी आठवण यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत, हे त्यातून पुढे आले. अण्णांची वाळू हाताच्या वाटेवर साठली होती आणि ते ती शब्दांच्या वाटेने मुलांना द्यायला बघत होते; देता येईना, म्हणून आवाज चढत होता. हे मी त्यांना सांगितले ते चित्राशिवाय, एका गोष्टीसारखे. ते म्हणाले, “आमी उद्यमनगरात मिस्त्रीचा मार खाऊन शिकलो.” मी विचारले, मारातून शिकलात की हाताखालून गेलेल्या वाळूतून? त्यावर ते हसले, पण उत्तर दिले नाही.

मग आम्ही एक साधा बेत केला. प्रत्येक घाण्याची, म्हणजे मिक्सरमधून एका वेळी निघणारी, वाळू पाण्याच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत जातेच. आकडा येण्याआधी मुलाने मूठ दाबून पाण्याच्या टक्केवारीचा अंदाज खडूने खांबावर लिहायचा, त्याखाली अण्णांनी आपला, आणि मग प्रयोगशाळेचा. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत डोपामिनच्या पेशी बक्षीस म्हणून मिळणाऱ्या अपेक्षित रसाला फारसा प्रतिसाद देत नव्हत्या. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला की देत होत्या. माकडाच्या रसावरून माणसाच्या वाळूकडे उडी मारताना जपलेच पाहिजे, पण अंदाज आधी बांधल्याशिवाय चूक हाताला लागत नाही, एवढे तरी त्यातून घेता येते. पहिल्या घाण्याला मुलाने 4.5 लिहिले, अण्णांनी 3.9, आणि आकडा आला 3.8. मुलाने परत जाऊन तीच वाळू दाबली. कोणी सांगितले नव्हते.

अण्णांचा आवाज कमी झाला का, असे व्यवस्थापक विचारतात. वितळलेले लोखंड वाहून नेणाऱ्या लॅडलजवळ तो कमी झालेला नाही आणि होऊही नये. 1400 अंशांच्या आसपासचे लोखंड डोक्यावरून जात असताना ओरडणारा माणूस हवाच. रिजेक्शनबद्दल, म्हणजे नापास होणाऱ्या कास्टिंगबद्दल, इतक्यात काही म्हणणे घाईचे ठरेल. मुलगा मात्र अजून आहे.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा खांबावर तीन नावे होती आणि त्यांच्याखाली ‘सर’ असे लिहून एक जागा मोकळी ठेवलेली होती. मी मूठ दाबली, गोळा मोडला, बराच विचार केला आणि 4.2 लिहिले. प्रयोगशाळेचा आकडा 3.3 आला. अण्णांनी तो माझ्या आकड्याखाली सावकाश लिहिला आणि म्हणाले, “दाबा परत.”