तुम्ही विचारलंत म्हणून: कथेतला सावत्र बाप

पुण्या-मुंबईचे वाचक भेटले की हमखास विचारतात, "तुम्ही बेळगावचे. तुमच्या कथांतला सावत्र बाप म्हणजे कर्नाटक सरकारच ना?"

नाही. तो वडगावात मागावर साड्या विणणारा माणूस आहे.

प्रश्न कुठून येतो ते मला कळतं. १ नोव्हेंबरला आमच्याकडे काळा दिवस पाळतात आणि भाषणांत 'सावत्र वागणूक' हे शब्द हटकून असतात. त्या फेरीत मीही चाललोय, बेळगाव महाराष्ट्रात यावं ही मागणी माझीही आहे. पण माझ्या नवव्या वर्षी आईचं दुसरं लग्न झालं, आणि पुढे ते शब्द कानावर पडले की माझी मान खाली जायची. घरी जे माझे सावत्र होते, त्यांनी शाळेत नाव घालताना कारकुनाला थांबवलं होतं. "बापाचं नाव हाय तेच राहू दे. पालक म्हणून मी सही करतो."

या शब्दाचं मूळच बाईकडे जातं. सावत्र म्हणजे सापत्न, सपत्नी म्हणजे सवत. ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची, रामाला वनात धाडणारी कैकेयी. आपल्या गोष्टींत सावत्र आया जागोजागी सापडतात, सावत्र बाप शोधावा लागतो. १८५६ च्या कायद्यानं विधवेला पुनर्विवाह करता येऊ लागला, पण त्याच कायद्यानं पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला, आणि मुलांचा ताबा मागायला सासरच्यांना कोर्टाची वाट दिली. ज्या जातींत पाट, म्हणजे विधवेची दुसरी लग्नं, लागत, तिथेही पोर अनेकदा भावकीतच राहायचं. आई एकटीच पुढे गेली, तर सावत्र बाप गोष्टीत यावा कसा?

मला तो इंग्रजीतून भेटला. डेव्हिड कॉपरफील्डला वेतानं फोडून काढणारा मर्डस्टन. आणि हॅम्लेटचा क्लॉडिअस, जो भरदरबारात पुतण्याला 'माझा मुलगा' म्हणतो आणि त्या पोराला ते सोसत नाही. हॅम्लेटची ती जागा मी कितीदा वाचली असेन. हाक मारण्यातच सगळं असतं. मी त्यांना दोन वर्षं कशानंच हाक मारली नाही. दारात उभा राहून नुसतं "चहा झालाय" म्हणायचो. मागाच्या खडखडाटात ते ऐकू जायचं नाही, मग आत जाऊन उभा राहायचो. ते हातातली कांडी ठेवायचे, "आलो रे" म्हणायचे. पुढे 'काका' म्हणू लागलो, तेही आधी दुसऱ्यांशी बोलताना.

माझी पहिली छापून आलेली कथा सावत्र बापाची होती. त्यात तो पोराला पट्ट्यानं मारतो. आमच्या घरी कुणी कधी पट्टा उचलला नव्हता. तो मारणारा हात मी पुस्तकांतून आणला होता. काकांनी ती कथा चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत वाचली. गल्लीतल्या लोकांनीही वाचली असणार, हे मला तेव्हा सुचलंच नाही. अंक मिटून त्यांनी आईच्या ट्रंकेत ठेवला.

रात्री जेवताना एवढंच विचारलं, "त्या पोराचं पुढं काय होतं रे?"

मी पानातून मान वर केली नाही. त्यानंतरच्या सगळ्या कथा त्या पोराच्याच आहेत.